सुकदेव नानांचा पायी नेम

हरिनाम सप्ताहात दुपारी दोन ते चारचा पहारा कोणी मागून घेत नाही. पहाटेच्या काकड्याला निम्मं गाव जागं असतं. संध्याकाळच्या कीर्तनाला मंडपात मुंगीला शिरायला जागा नसते. पण दुपारची पंगत उठली, वरण-बट्टी पोटात गेली, की मंडपात उरतात चार म्हाताऱ्या, दोन कुत्री आणि गळ्यात वीणा घेऊन उभा असलेला एकटा विणेकरी. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात गेली पाहिजे, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे त्याने दोन तास उभं राहून नाम घ्यायचं. शिरपूर तालुक्यातल्या भामखेड्यात ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण कोणी मोडलीही नव्हती.

दोन ते चारचा पहारा सुकदेव नानांच्या घराण्याकडे होता. वडिलांनी तो तीस वर्षं केला. "बठ्ठं गाव जेवून झोपतं, तेव्हा देव एकटा असतो रे," असं ते म्हणायचे. "तेव्हाच तर कोणी जवळ पाहिजे." त्यांच्यामागे अकरा वर्षं नानांनी तो चालवला.

मागच्या माघात मात्र तो मोडला, आणि नानांच्याच हातून. पंगतीत वाढणाऱ्यांनी आग्रह केला, नानांनी चौथी बट्टी तुपात बुडवून खाल्ली आणि एकशे बारा किलोचा देह घेऊन विठ्ठल-रखुमाईसमोर उभे राहिले. अर्धा तास बरा गेला. मग डावा गुडघा कुरकुरायला लागला, त्याचं ऐकून उजवा. पन्नासाव्या मिनिटाला पोटऱ्या अशा थरथरल्या की गळ्यातल्या विणेची तार आपोआप वाजायला लागली. सप्ताहाचे म्होरके अभिमन आबा खांबाजवळ बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काठीसारखे सरळ. ते उठले, आचाऱ्यांकडची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि नानांच्या मागे ठेवली. नाना बसले. गळ्यात वीणा तशीच.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हाताऱ्या मायेने म्हणाल्या, "बसा भाऊ, देव काय रागे भरस का?" त्या मायेनेच नाना घायाळ झाले. पुढे वर्षभर देवळासमोरून जाताना त्यांची मान वर होत नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झालं आणि पारावर पुढच्या सप्ताहाची यादी करायला मंडळी बसली. आबांनी चष्मा पुसला.

"सुकदेव, औंदा दोन ते चार जितेंद्रले देऊ. तू बसीसन पेटी वाजाड."

जितेंद्र म्हणजे नानांचा पुतण्या, तिशीचा. तो तिथेच होता. त्याने घाईने सांगून टाकलं, "काका, मी काही मांगं नही हां!"

नाना पुढे सरकले. "आबा, माघले अजून चार महिना शेतस. मी उभा ऱ्हासू."

"आनि नही ऱ्हायना तं?"

"तं मीच वीणा काढीसन जितेंद्रना गळामा घालसू. कायमनी."

आबांनी वहीत नाव लिहिलं. बाकीची नावं पेनने लिहिली होती, हे पेन्सिलने लिहिलं. "दखू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाना गावच्या उपकेंद्रात गेले. तिथली आरोग्य अधिकारी प्रज्ञा, मूळची धुळ्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, शिरपुरात खोली करून राहणारी. तिने वजन केलं, दाब पाहिला, बोटातून थेंब घेऊन साखर पाहिली, आणि पोटाभोवती मोजपट्टी गुंडाळायला गेली तर पट्टीचं टोक मागून हातात येईना. नाना लाजले.

"नाना, पूर्वी शेतात कसे जायचात?"

"पायी. गाडवाटेने चार किलोमीटर."

"आता?"

"गाडीवर."

"दुकानात?"

"गाडीवर."

"देवळात?"

"...गाडीवर."

"आणि माझ्याकडे?"

नानांनी दारातून बाहेर पाहिलं. मोटारसायकल उपकेंद्राच्या ओट्याला टेकवलेली होती. तिच्या आरशात त्यांना स्वतःच्या घराचं दार दिसलं, आणि दारात धान्य पाखडत बसलेली बायको, यशोदाबाई. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

प्रज्ञा हसली नाही, हे तिचं मोठेपण. "तुम्ही एकटे नाही, नाना. माझं रजिस्टर चाळलं तरी दिसतं. जी माणसं अजून शेतात पायी जातात, त्यांच्या पट्ट्या आखूड. ज्यांच्या अंगणात गाडी आली, त्यांच्या दोन-चार वर्षांत लांब झाल्या. खाण्याचंही आहेच, तूप कमी करा, पण तूप तुमच्या वडिलांनीही खाल्लंच की. ते जिरवत होते."

"मग काय करू?"

"सकाळी चाला. आधी थोडं. आणि शेतात सायकलवर जा, सायकलवर गुडघ्यांना भार कमी पडतो. घरात सायकल आहे?"

होती. मुलीची, ऋतिकाची, शाळेतली. गुलाबी रंगाची, पुढे टोपली असलेली. ऋतिका आता जळगावला कॉलेजात होती आणि सायकल गोठ्यात कोंबड्यांच्या बसण्याच्या उपयोगी पडत होती.

नाना सकाळी सात वाजता पायी निघाले. फाट्यावरचं मारुतीचं देऊळ गावापासून दोन किलोमीटर. आधी अर्ध्यावरून परत फिरायचं असं ठरलं होतं. पण वेशीपर्यंत पोचले नाहीत तोच मागून ब्रेक लागला. जितेंद्र.

"काका, पायी? काय व्हयनं? गाडी बंद पडनी का?"

"नही रे, चालाले निंघनू."

"चाला, बसा."

"अरे, मले चालनं शे."

"कोठे चालनं शे? मी सोडस ना!"

आता याला काय सांगणार? मोठं माणूस पायी दिसलं आणि आपण त्याच्या अंगावर धूळ उडवून पुढे गेलो, असं भामखेड्यात आजवर कोणी केलं नव्हतं. नाही म्हणावं तर पोराचं तोंड उतरतं. नाना बसले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने बसवलं, तिसऱ्या दिवशी शाळेच्या गुरुजींनी. चौथ्या दिवशी नानांनी मुद्दाम शेताच्या कडेची वाट धरली, तर ट्रॅक्टरवाला बांध ओलांडून त्यांच्यापर्यंत आला. पाच दिवसांत नाना दोनदा शिरपूरला जाऊन आले, काही काम नसताना.

सायकलचं आणखी वेगळं झालं. एवढा मोठा माणूस त्या गुलाबी सायकलवर बसून, गुडघे बाहेर काढून निघाला की पोरं मागे धावायची, ते एक वेळ ठीक. पण चौथ्या दिवशी यशोदाबाई पिठाच्या गिरणीवरून डबा आदळतच घरात आल्या.

"माले इचारतस, 'वहिनी, घरमा बठ्ठं बरं शे ना?' एक म्हणे तुम्ही गाडी इकी टाकी. दुसरी म्हणे मीच किल्ली लपाडी. मी काय एवढी वाईट शे का?"

त्या संध्याकाळी जळगावहून ऋतिकाचा फोन आला. तिला सगळं ऐकून हसू आवरेना.

"पप्पा, इथे मेहरूण तलावावर सकाळी येऊन बघा. लोक गाडीवर येतात, गाडी लावतात, तलावाच्या काठाने फेऱ्या मारतात आणि गाडीवर घरी जातात. कोणी कोणाला बस म्हणत नाही."

"मग मी चालायला जळगावला येऊ का?"

"तसं नाही हो. इथे चालणं हे एक काम आहे, हे लोकांना माहीत आहे. आपल्याकडे माणूस पायी दिसला की तो अडचणीत आहे असंच वाटतं सगळ्यांना."

फोन ठेवून नाना ओट्यावर येऊन बसले. आपण अडचणीत नाही हे गावाला कसं सांगावं?

दुसऱ्या दिवशी वेशीजवळ जितेंद्रने ब्रेक दाबला, "बसा काका" म्हणाला, आणि नानांच्या तोंडून नकळत शब्द निघून गेला.

"नेम शे माझा."

जितेंद्रने चटकन गाडी बंद केली. हात छातीशी गेला. "कसला नेम?"

"मारुतीपर्यंत पायी. माघापर्यंत. शेतातबी गाडीवर जायचं नही."

"काका! पहिलेच सांगानं ना मंग!" असं म्हणून त्याने गाडी थोडी अंतरावर ढकलत नेली आणि मगच चालू केली, नानांच्या अंगावर धूर नको म्हणून.

गावात कोणी कोणाचा नेम मोडत नाही. कोणी चातुर्मासात कांदा सोडतो, कोणी सोमवारी बोलत नाही, कोणी अनवाणी राहतो; त्याला कोणी आग्रह करत नाही, कारणही विचारत नाही. दुपारपर्यंत बातमी साऱ्या गावात पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ता मोकळा झाला. गाड्या नानांजवळ येताच हळू होत, माणसं मान लववत आणि पुढे जात. नाना दहा पावलं चालत, थांबत, दम खात, परत दहा पावलं. आठवड्याने ती शंभर झाली. दिवाळी संपेपर्यंत ते मारुतीच्या पायरीला हात लावून परत यायला लागले. शेतात सायकल. एक बट्टी कमी, मग दोन.

सगळं सुरळीत झालं होतं, आणि तिथेच नानांची झोप उडाली.

कारण शेजारच्या लताबाई एका सकाळी नारळ घेऊन वाटेत उभ्या राहिल्या. वय साठीच्या घरात, दोन्ही गुडघे सुजलेले, चालताना भिंतीला हात. "भाऊ, तुम्हना नेम मोठा शे. मनी लेक बाळंतपणले येल शे. तुम्हना हातनं मारुतीले एवढा वाढवा." नानांनी नारळ घेतला. त्या दिवशी एक, परवा तीन. शनिवारी तेलाच्या बाटल्या. आठवड्याभरात नानांना चालायला निघण्याआधी पिशवी भरावी लागायला लागली. एका म्हाताऱ्याने तर वाकून त्यांच्या पायांना हात लावला, त्याच पायांना, जे पन्नास मिनिटांपुढे देवासमोर उभे राहिले नव्हते. नानांना वाटलं, आपण पोट उतरवायला निघालो आणि देवाचं नाव पुढे केलं. लोकांनी आपल्या पिशवीत नारळ टाकले, ते या खोट्याच्या भरवशावर.

कार्तिकी एकादशीला योगराज महाराजांचं कीर्तन होतं. महाराज जामनेरकडचे. खानदेशभर त्यांची कीर्तनं होत. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द ऐकू जावा. घेर मात्र त्यांचाही कमी नव्हता. फराळाला ते नानांच्याच घरी होते. भगरीचं ताट पुढे ठेवून नाना खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खुर्ची, पेन्सिल, गाड्या, नेम, नारळ.

महाराजांनी घास हातात तसाच धरला. "चालताना नाम घेता का?"

"घेतो. दम लागेपर्यंत. दम लागला की मनात."

"एखादा दिवस चुकला?"

"नाही."

"मग नेम खरा आहे, नाना. खोटं आहे ते फक्त लोकांच्या मनातलं कारण. ते तुम्ही बसवलंत, तुम्हीच काढा." मग त्यांनी भगरीच्या ताटाकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "आम्हाला तर कोणी जमिनीवर उतरू देत नाही. गाडी मंडपाच्या तोंडाशी, गाडीतून आसनावर, आसनावरून पाटावर. वर्षाला तीनशे कीर्तनं म्हणजे तीनशे पुरणपोळीची ताटं."

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. वीस टाळ एका ठेक्यात वाजायला लागले, मृदंगावर थाप पडली, आणि महाराजांनी चाल उचलली तशी मंडपाच्या कनाती हलल्यासारख्या वाटल्या. नाना टाळकऱ्यांच्या रांगेत होते. ज्याने हे कधी अनुभवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही: सूर टिपेला जातो, टाळकरी एक पाऊल पुढे, एक मागे, सारे एका वेळी, आणि त्या क्षणी कोणाला स्वतःचा वेगळा देह उरत नाही. नानांचा देह मात्र त्या दिवशी त्यांच्याजवळच राहिला. आरती झाली, प्रसादाची गडबड सुरू होणार, तोच त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, एक सांगायचं शे. माझा नेम नवसाचा नाही. माझं वजन एकशे बारा होतं. प्रज्ञा मॅडमने चालायला सांगितलं. तुम्ही कोणी चालू देईनात, म्हणून मी नेम म्हणालो. तुमचे नारळ मी पोचवले, एकही ठेवला नाही. पण मी काही मोठा भक्त नाही. मला दोन तास उभं राहता यावं, एवढंच."

नानांना वाटलं, आता सगळं संपलं. उद्या सकाळी पुन्हा गाडीवर.

बायकांच्या रांगेतून लताबाई उठल्या, खांबाला धरून. "म्हणजे हाऊ नेम पोटना शे?"

"हो अक्का."

"देवाधर्मना नही?"

"नाम घेतो, पण... पोटाचाच."

"मंग माले काबर नही सांगं?" लताबाई कडाडल्या. "माले वाटनं, एवढा मोठा नेम, आपली काय पुन्याई! पोटना शे तं माले बी पोट शे. गुडघा बी शेतस, तुम्हना पेक्षा मोठा! सकायले मी बी येस."

मंडप हसला. महाराज सर्वांत मोठ्याने हसले.

सकाळी वेशीत नऊ जण उभे होते. लताबाई काठी घेऊन. गुरुजी. गिरणीवर बोललेल्या दोघी, यशोदाबाईंची नजर चुकवत. आणि त्यांच्या पुढे खुद्द यशोदाबाई, पदर खोचून. सगळ्यांत मागे जितेंद्र, पायात बूट, शर्टाच्या शेवटच्या दोन गुंड्या न लागलेल्या. नानांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "दखू नका काका. गाडीवर बठी बठी मन्हं बी पोट सुटनं."

मार्गशीर्ष लागेपर्यंत चौदा झाले. पहिली पाचशे पावलं सगळे नाम घेत, पुढचं सगळं गप्पांत जाई: कोणाच्या सुनेचं काय, कापसाला वेचणारीण मिळते का, भरीत तेलाशिवाय होतं का. होत नाही यावर एकमत होतं. लताबाई आधी वडापर्यंत येऊन थांबत, मग विहिरीपर्यंत, मग एके दिवशी मारुतीच्या ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने नारळ वाढवला आणि उगाच डोळे पुसले. रविवारी प्रज्ञा सायकलवर फाट्यापर्यंत येई आणि देवळाच्या पायरीवर मोजपट्टी काढून बसे. गाडीवाले आता थांबत नसत. "रामकृष्ण हरी" म्हणून पुढे जात, आणि त्यातला एखादा दुसऱ्या दिवशी पायी दिसे.

पौष संपत आला तेव्हा नानांचा काटा एकशे तीनवर येऊन अडकला. तीन आठवडे हलेना.

"मॅडम, संपलं बहुतेक माझं."

"पट्टी बघा की, नाना. चार बोटं आत आलाय. साखर खाली आली. आता दम न लागता मारुतीला जाऊन येता. काटा काय, त्याला जेव्हा हलायचं तेव्हा हलेल."

"आणि पहारा?"

प्रज्ञाने पट्टी गुंडाळली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "चालणं वेगळं, एका जागी उभं राहणं वेगळं. गुडघे टिकतील की नाही, मला माहीत नाही."

माघात सप्ताह बसला. पहिल्याच दिवशी फाट्यावर चौदा जण मारुतीशी टेकले होते, तर महाराजांची गाडी येऊन थांबली. महाराज उतरले, धोतर सावरलं आणि चालकाला म्हणाले, "तू मागून ये. हळूहळू." दोन किलोमीटरला त्यांना पाऊण तास लागला. तीन वेळा थांबले. तोंडाने अभंग होता, पण शेवटच्या वळणावर तोही बंद झाला. वेशीत हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना आधी रिकामी गाडी दिसली आणि मग तिच्यापुढे घामाघूम महाराज.

दुपारी पंगत बसली. वाढणाऱ्याने नानांच्या पानात दुसरी बट्टी टाकायला हात पुढे केला. नानांनी पानावर आडवा हात धरला. "चार वाजता दे."

दोन वाजता वीणा गळ्यात आली. मंडपात त्या चार म्हाताऱ्या होत्या, पण आज त्यांच्याशेजारी लताबाई होत्या, यशोदाबाई होत्या, खांबाला टेकून गुरुजी होते. बाजूच्या सतरंजीवर महाराज डोळ्यांवर उपरणं घेऊन पडले होते. अभिमन आबा नेहमीच्या जागी, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत.

पन्नास मिनिटं झाली. नानांना ती कळलीसुद्धा नाहीत. तास झाला. सव्वा तास झाला, आणि डावा गुडघा कुरकुरला.

नानांनी भार उजव्या पायावर टाकला. थोड्या वेळाने डाव्यावर. नाम चालू होतं, पण मन गुडघ्यात गेलं होतं. दीड तासाला उजव्या पोटरीत गोळा आला, मागच्या वर्षीसारखाच. विणेची तार थरथरली. आबांनी ती ऐकली. ते उठले आणि आचाऱ्यांच्या कोठीकडे वळले.

यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

नानांना कळलं की आता एक मिनिटही या जागेवर आपण टिकत नाही. आणि त्यांचं पाऊल पुढे पडलं. त्यांनी टाकलं नव्हतं. चार महिने रोज सकाळी जे होत होतं तेच झालं. पाय दुखायला लागला की तो पुढे जायला शिकला होता. एक पाऊल, दुसरं, तिसरं. गोळा सैल झाला. नाना रखुमाईच्या बाजूने वळले, खांबांच्या मागून आले, पुन्हा विठ्ठलासमोर, पुन्हा खांब. वीणा गळ्यात, नाम तोंडात.

आबा दारातच थांबले. "सुकदेव! आपला पहारा उभा ऱ्हावाना शे. चालाना नही."

नाना थांबले नाहीत. थांबले असते तर पडले असते. "आबा, मले उभं ऱ्हाता येत नही. चालता येस."

"रीत शे ती!"

सतरंजीवरून उपरणं बाजूला झालं. महाराज उठून बसले, सकाळच्या चालण्याने आखडलेली मांडी चोळत. "आबा, वीणा जमिनीला टेकली का?"

"नही."

"गळ्यातून उतरली?"

"नही."

"नाम थांबलं?"

आबांनी कान दिला. नाम चालू होतं, मघापेक्षा मोकळं. नाना खांबाला वळसा घालून आले आणि त्यांच्या पायात सतरंजीची कड गुंतली. तोल जाता जाता सावरला. तेव्हा आबा पुढे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस वाकला, सतरंजीची कड धरून ती मागे ओढली आणि म्हाताऱ्यांना म्हणाला, "सरका वं बायाहोन, याले वाट द्या."

म्हाताऱ्या सरकल्या. लताबाई मात्र सरकण्याऐवजी उठल्या आणि काठी टेकत नानांच्या मागे निघाल्या. मग यशोदाबाई. मग गुरुजी, टाळ उचलून. झोपलेल्या दुपारी टाळांचा आवाज गावात गेला तशी माणसं ओट्यांवरून उठून मंडपाशी आली आणि आपापल्या अंदाजाने त्या फेऱ्यात शिरली, कोणी दोन वळसे, कोणी दहा. महाराजही उठले, एक फेरा घालून खांबाला टेकले, परत निघाले.

चार वाजले. यादीप्रमाणे चारनंतरचा पहारा जितेंद्रचा होता. तो हात जोडून वाटेत उभा राहिला.

"काका, वीणा."

घाम नानांच्या हनुवटीवरून विणेच्या भोपळ्यावर पडत होता. गुडघा दुखतच होता, तो काही देवाने काढून घेतला नव्हता. अजून सहा दुपारी बाकी होत्या. नाना चालत चालत त्याच्यापाशी आले आणि त्याच्या शेजारून पुढे गेले.

"चाल मनासंगे," ते म्हणाले. "हाऊ फेरा पुरा व्हऊ दे."